फाईव्ह नाईन, काका

मला खोटं बोलणाऱ्या माणसांचा राग येतो, पण गोड खोटं बोलणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. पहिल्यांशी निदान भांडता येतं. दुसऱ्यांशी भांडायला गेलं की ते दुखावलेला चेहरा करतात आणि उद्धट आपण ठरतो. आम्ही अमरावतीकडची माणसं बोलण्यात तशीही उद्धट ठरलेलीच आहोत, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या बाबांना रेडिओवर रविवारमागून रविवार असं गोड खोटं ऐकवलं गेलं, आणि ते आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबा अकोल्याला राहतात, मी अमरावतीला. मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बाबांचा जन्म जिनिंगमध्ये गेला, कापसाची प्रत ठरवण्यात. आम्हा दोघांना एकच वेड आहे, हौशी रेडिओचं. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, छपरावर तार ताणायची आणि ना फोन, ना इंटरनेट, नुसत्या हवेतून दूरच्या माणसांशी बोलायचं. हे वेड मला बाबांनी लावलं. आईला वाटायचं मुलगी शिवणकाम शिकेल. मी शिकले ते सोल्डरिंग.

रविवारी सकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आमचं नेट भरतं. नेट म्हणजे हवेतली सभा. एक जण सूत्रं सांभाळतो, एकेका स्टेशनला नंबराने पुकारतो, त्याला रोल कॉल म्हणतात. पुकारलेल्याने आपलं सांगायचं आणि त्याने सूत्रधाराला, सूत्रधाराने आणि बाकीच्यांनी त्याला रिपोर्ट द्यायचा. रिपोर्टात दोन आकडे असतात. पहिला, शब्द किती कळले, पाचापैकी. दुसरा, सिग्नल किती जोरात आला, नवापैकी. फाईव्ह नाईन म्हणजे सगळं स्वच्छ, सगळं जोरात.

आता या फाईव्ह नाईनची लोकांनी पार वाट लावली आहे. कोणी कितीही खरखरत आला तरी फाईव्ह नाईन. काही कळलं नाही तरी फाईव्ह नाईन. लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर जसं सगळे छान म्हणतात, तसं ते झालं आहे. बाबांना याची चीड होती. कित्येक वर्षं आमचं नेट त्यांनी चालवलं आणि कोणी डोळे झाकून फाईव्ह नाईन दिलं की ते तिथल्या तिथे विचारायचे, ‘‘मंग सांगा, मी काय म्हटलं?’’ समोरचा चाचरायचा. बाबा म्हणायचे, ‘‘दोन शब्द गेले तं गेले म्हणाव. त्यात काय लाज हाय? खोटं काहून सांगावं?’’ कापसाच्या गाडीवर हात ठेवून, गाडीवानाच्या तोंडावर प्रत सांगणारा माणूस. त्यांना दुसरं जमत नव्हतं.

मग खर्ऱ्याने त्यांचा गळा खाल्ला. हे मी असंच लिहिणार. आमच्याकडे चौकाचौकात पन्नीत सुपारी-तंबाखू घोटून देतात आणि दुपारचा चहा प्यावा इतक्या सहजतेने शहाणीसुरती माणसं ती गालात धरतात. मी बाबांशी त्यावरून भांडले, रुसले, एकदा पुडी नालीत फेकली. ते हसले आणि दुसरी आणली. शेवटी ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. डॉक्टरांनी टॉर्चएवढं एक यंत्र दिलं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की एकाच सुरात गुणगुणतं, आणि त्या गुणगुणीचे शब्द ओठ-जिभेने करायचे. चढ नाही, उतार नाही, रागावले की हसले तेही कळत नाही. पण शब्द कळतात. कान लावून ऐकलं तर नीट कळतात. मला आठवडा लागला, शेजारच्या किराणावाल्याला दोन दिवस.

त्या आजारपणात बाबांनी नेट दुसऱ्याकडे सोपवलं. तिकडे पश्चिमेकडचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, मोठे मिठ्ठास बोलणारे. बाबांनी त्यांना ‘मी बरा होईपर्यंत’ असं स्पष्ट सांगितलं होतं.

फोनवर बाबांचं बोलणं कळत नसे. आवाज अर्ध्यात कापला जायचा, का ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून ते फोन करायचे नाहीत, ‘बरा हाय’ एवढा मेसेज पाठवायचे. रेडिओवर मात्र ते बोलत. जुन्या पद्धतीच्या प्रसारणात खरखर असायची, त्यात त्यांची गुणगुण मिसळायची, लोकांना त्रास व्हायचा, पण काम चालायचं.

डिजिटल आवाजाचं खूळ मी आणलं. मी एक सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ घेतला होता. डबा मुठीएवढा, बाकी सगळा रेडिओ लॅपटॉपच्या आत. पडद्यावर सगळ्या बँडचा रंगीत धबधबा दिसतो, कोणता सिग्नल कुठे आहे ते डोळ्यांनी बघता येतं, हवं ते रेकॉर्ड करून ठेवता येतं. त्यावर डिजिटल आवाजाचे प्रयोग सुरू केले. गंमत अशी की या पद्धतीत आवाज जातच नाही. आपला लॅपटॉप आवाजाचं वर्णन करतो, इतका उंच, इतका जाड, इथे थांबला, आणि ते वर्णन आकड्यांत पाठवतो. पलीकडचा लॅपटॉप त्यावरून नवा आवाज घडवतो. लग्न जुळवताना मुलीऐवजी मुलीची माहिती पाठवावी तसं. मधली खरखर मात्र शून्य. मला वाटलं, खरखर गेली की बाबांची गुणगुण तेवढी उरेल आणि लोकांना ती कळेल.

दिवाळीत अकोल्याला गेले तेव्हा बाबांनाही तसाच डबा लावून दिला. एक लॅपटॉप वरच्या खोलीत, एक खाली. बाबा वरून बोलले, मी खालून ऐकलं. लॅपटॉपने घडवलेला आवाज विचित्र होता, नाकात बोलल्यासारखा, पण अर्ध्याहून जास्त शब्द कळत होते. मी जिन्यातून ओरडले, ‘‘थ्री नाईन!’’ बाबा खाली आले. यंत्र गळ्याला लावायच्या आधीच त्यांचा चेहरा बोलत होता. मग म्हणाले, ‘‘तीन बहुत झाले.’’

पुढे नेटनेही ठरवलं की आता सगळं डिजिटल. सूत्रधारांनी ग्रुपवर सेटिंगचा एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, सर्वांनी हीच सेटिंग ठेवावी. बाबांनी तो फोटो मन लावून बघितला आणि तशीच सेटिंग केली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझं माझ्यापुरतं ठीक चाललं होतं, म्हणून मी तो फोटो उघडलाच नाही.

पहिल्या रविवारी बाबांचा सिग्नल धबधब्यावर ठसठशीत उमटला, इतका जोरात की बघून बरं वाटलं. पण आवाज? पातेल्यात वरण रटरटतं ना, तसं काहीतरी, तेही मधूनच. शब्द एकही नाही. त्यांचं बोलणं संपलं आणि सूत्रधारांचा आवाज काचेसारखा स्वच्छ आला, ‘‘वा, काका! फाईव्ह नाईन. फार छान. काळजी घ्या.’’ मागोमाग दुसऱ्याने फाईव्ह नाईन दिलं, तिसऱ्यानेही.

मी काय समजायचं? सगळ्यांना ऐकू येतंय, मलाच येत नाही, म्हणजे बिघाड माझ्याकडे. माझी पाळी आली तेव्हा मी खरं तेच सांगितलं, ‘‘अकोला, सिग्नल जोरात आहे, पण माझ्याकडे शब्द उलगडत नाहीत. माझ्याकडे काहीतरी बिघडलं आहे, बघते.’’ आणि खरोखरच बघत बसले. तार खाली काढली, जोड पुन्हा सोल्डर केले, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप बदलला. पुढचा रविवार, तेच. त्याच्या पुढचा, तेच. दरवेळी रटरट, दरवेळी फाईव्ह नाईन काका, आणि दरवेळी मी एकटी म्हणतेय, मला ऐकू येत नाही. कॉलेजात मी पोरांवर उगीच खेकसायला लागले. आणि बाबांचा ‘बरा हाय’ हा मेसेजही यायचा बंद झाला.

शेवटी मी सूत्रधारांना फोन लावला. म्हटलं, तुमची सगळी जुळणी मला पाठवा, अकोल्याचा आवाज तुमच्याकडे इतका चांगला कसा येतो ते बघू द्या.

ते हसले. ‘‘अहो ताई, आमच्याकडे तरी कुठे येतो? नुसतीच बुडबुड येते.’’

‘‘मग फाईव्ह नाईन कसं देता?’’

‘‘आजारातून उठलेला माणूस. वय झालेलं. सिग्नल तर येतो ना? फाईव्ह नाईन म्हटलं तर आपलं काय जातं? त्यांना तेवढंच बरं वाटतं.’’

‘‘आणि बाकीचे?’’

‘‘सगळे समजूतदार आहेत हो.’’

माझी शुद्ध मराठी तिथे संपली. ‘‘अन् त्याईनं काई विचारलं असन तं? काई काम सांगितलं असन तं? तुमी कशाले हो म्हणून राह्यले जी?’’

‘‘आता काय विचारणार ते? हवापाण्याचंच बोलत असतील,’’ असं म्हणून त्यांनी मला मनाला लावून न घेण्याचा सल्ला दिला. मी फोन ठेवला नाही, आपटला. काच तडकली, ती अजून तशीच आहे. ‘हवापाण्याचंच’! साठ-सत्तर मैलांवरून माझा बाप काहीतरी सांगतोय आणि हे सगळे समजूतदार लोक हवेत माना डोलावताहेत! आणि त्या समजूतदारपणापायी मी आठवड्यामागून आठवडा माझी धडधाकट तार उसवत बसले होते. एकाने, फक्त एकाने, ‘काका, कळत नाही’ म्हटलं असतं तर बिघाड अकोल्याला आहे हे मला पहिल्या रविवारीच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत त्या गृहस्थांना मनातल्या मनात शिव्या घालत होते.

बाबा गच्चीवर होते. पाइपापासून कडुनिंबापर्यंत ताणलेली तार त्यांनी उतरवली होती आणि कोपरात अडकवून तिचं वेटोळं करत होते. मला बघून थांबले नाहीत. मी खाली पडलेलं टोक उचलायला गेले तर त्यांनी ते ओढून घेतलं. मग वेटोळं ठेवलं, खिशातून यंत्र काढलं आणि गळ्याला लावलं.

‘‘तुले ऐकू येत नाई म्हने.’’

‘‘नव्हतंच येत, बाबा.’’

‘‘साऱ्याईले येते. तुलेच काहून येत नाई?’’ त्या आवाजात राग दाखवायची सोय नाही, पण बटण दाबणारा अंगठा पांढरा पडला होता. ‘‘माह्या आवाजाची लाज वाटते तुले. बाकीचे परके हाय, पन फाईव्ह नाईन देतात. तू माही पोरगी, तू चार लोकाईत सांगते का बिघाड हाय.’’

म्हणजे हे असं होतं. त्या सगळ्या फ्रिक्वेन्सीवर खरं बोलणारी एकटी मी, आणि बाबांच्या लेखी खोटी पडलेलीही एकटी मीच. कारण खोटं बोलणारे संख्येने जास्त होते आणि गोड होते.

‘‘तार काहून काढली?’’ मी विचारलं.

त्यांनी वेटोळ्याला गाठ मारली. मग तुकड्यातुकड्याने आलं. ‘‘रोल कॉल वापस मागून राह्यलो होतो. दर रविवारी. मी आता बरा हाय, माहं नेट मले द्या म्हटलं. एक जन हो म्हनत नाई. एक जन नाई म्हनत नाई. फाईव्ह नाईन काका, काळजी घ्या.’’ यंत्र खाली घेतलं, पुन्हा लावलं. ‘‘समजलो मी. नाई म्हनाची ही रीत हाय त्याईची.’’

माझ्या लॅपटॉपमध्ये सगळे रविवार रेकॉर्ड केलेले होते. ते त्यांना ऐकवावेत की नाही, हा विचार मी जिना उतरताना केला आणि खोलीत पोचेपर्यंत सोडून दिला. न ऐकवणं म्हणजे मीही त्या समजूतदारांत जाऊन बसणं. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ‘‘बाबा, हे तुमी. असं ऐकू येत होतं. मलेबी अन् साऱ्याईलेबी.’’

रटरट. मधली शांतता. रटरट. मग स्वच्छ आवाज, ‘वा, काका! फाईव्ह नाईन.’ पुढचा रविवार. रटरट. ‘फाईव्ह नाईन. फार छान.’ बाबा डोळे न हलवता ऐकत होते. मी बंद करायला हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि म्हणाले, ‘‘दिवाळीत तं तीन होता ना मी?’’

हे मी आधीच विचारायला हवं होतं की नाही, ते सोडा. दोघांनी मिळून तपासायला घेतलं. त्यांच्या लॅपटॉपवर मी बोलले, एक, दोन, तीन. माझा आवाज दुसऱ्या लॅपटॉपवर सरळ निघाला. बाबा बोलले. पडद्यावरची आवाजाची पट्टी उसळली, अर्धा शब्द गेला आणि पट्टी मेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी एकेक सेटिंग उघडत गेले आणि शेवटी सापडलं. मागचा गोंगाट काढून टाका असं सांगणाऱ्या एका चौकोनात त्या फोटोबरहुकूम बाबांनी टिक केली होती. त्याचं काम साधं आहे. एकाच सुरात सतत चालणारी गोष्ट म्हणजे पंखा, कूलर, मोटर. ती ओळखायची आणि पुसून टाकायची. बाबांचं यंत्र एकाच सुरात चालतं. पहिला अर्धा शब्द जाईपर्यंत सॉफ्टवेअरची खात्री पटायची की हा पंखा आहे, मग ते त्यांना पुसायचं. फोनवरही हेच होत असणार, फोनमध्ये ती सोय आतच असते.

‘‘पंखा,’’ मी म्हटलं, ‘‘तुमाले पंखा समजून राह्यलं ते.’’

बाबांनी वर छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. यंत्र लावलं नाही. नुसते ओठ हलवून म्हणाले, बंद कर. चौकोनातली टिक मी काढली. माईक गळ्याजवळ होता तो ओठांसमोर घेतला. बाबा बोलले आणि दुसऱ्या लॅपटॉपमधून तो नाकातला विचित्र आवाज बाहेर पडला, ‘अकोला, अकोला, अकोला.’ मला हुंदका आला, आणि रडायला आलं म्हणून पुन्हा राग आला. सॉफ्टवेअरवर मी रागावू शकत नव्हते. त्याला माणूस आणि पंखा यांतला फरक कोणी शिकवला नव्हता. त्या लोकांना तर माहीत होतं पलीकडे माणूस आहे.

संध्याकाळपर्यंत तार पुन्हा कडुनिंबाला बांधली. बाबा खालून हातवारे करत होते, मी शिडीवर होते. मी अमरावतीला परतले. सूत्रधारांना काहीही कळवायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं.

रविवारी मी वेळेआधीच हेडफोन लावून बसले. सूत्रधारांनी नमस्कार-चमत्कार सुरू केले, तोच धबधब्यावर अकोल्याची जाड रेघ उमटली. बाबांनी मध्येच घुसून बोलायला सुरुवात केली होती, असं ते आयुष्यात कधी करत नसत. आवाज आला. सपाट, नाकातला, तुटक, पण आला. त्यांचं संपायची खोटी, सूत्रधारांचा मिठ्ठास स्वर हजर. ‘‘वा, काका! फाईव्ह नाईन. फार छान. काळ—’’

‘‘मी काय म्हटलं?’’

हे तीन शब्द सगळ्यांना कळले असणार, कारण फ्रिक्वेन्सीवर एकदम कोणीच उरलं नाही. धबधबा नुसता काळा वाहत होता. एवढी माणसं रेडिओ लावून बसली होती आणि एकाच्याही तोंडून उत्तर निघेना, कारण सवयीने कोणी ऐकलंच नव्हतं. मला त्या शांततेची इतकी मजा वाटली की मी ती मुद्दाम थोडी लांबू दिली. मग बटण दाबलं.

‘‘अकोला, हे अमरावती. तुमचा रिपोर्ट थ्री नाईन. तुमी म्हटलं, आज रोल कॉल अकोला घेणार. त्याच्या पुढचे शब्द गेले, बाबा. पुन्हा सांगा.’’

बाबांनी पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून.

‘‘पुढच्या. रविवारी. बी.’’

मग त्यांनी पहिलं स्टेशन पुकारलं. ते सूत्रधारांचं होतं. पुकारून बाबांनी बटण सोडलं आणि त्यांच्याकडून स्वतःच्या खऱ्या रिपोर्टची वाट बघू लागले.